बायोडेटा लिहून देणारी सेवा: मांडणी नेटकी, भाषा फुगवलेली

मांडणीला नावं ठेवायला जागा नाही. एकच पान, एकच फॉन्ट, आणि पीडीएफमधला मजकूर निवडता येतो, म्हणजे भरतीचं सॉफ्टवेअरही तो वाचू शकतं. घोळ भाषेत आहे. ‘गोदामातल्या मालाची नोंद ठेवली’ याचं इथे ‘साठा व्यवस्थापनाचे धोरणात्मक सुसूत्रीकरण केले’ होतं. माल किती, नोंद कशात, काहीच कळत नाही. आणि मुलाखतीत नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं की उमेदवाराची त्रेधा उडते. कारण उघड आहे: फॉर्ममध्ये फक्त पदाचं नाव विचारतात, मग उरलेली जागा विशेषणांनी भरतात. सेवा घ्यायचीच असेल तर प्रत्येक कामाचं क्रियापद आणि आकडा आधीच लिहून द्या. ‘धोरणात्मक’, ‘सर्वंकष’ पहिल्याच दुरुस्तीत काढायला लावा.