अँकी: मोडी लिपीसाठी वापरून पाहिलेलं अ‍ॅप

सासऱ्यांच्या ट्रंकेतले मोडी दस्त वाचता यावेत म्हणून बँकेतून निवृत्त झाल्यावर मी मोडीचा वर्ग लावला. वर्गात सगळं कळायचं, घरी आलं की अक्षरं अनोळखी. भाचीने फोनवर अँकीड्रॉइड, म्हणजे अँड्रॉइड फोनसाठीचं अँकी, टाकून दिलं. प्रश्न-उत्तराच्या कार्डांवरून पाठांतर करवून घेणारं हे अ‍ॅप. फुकट आहे, जाहिराती नाहीत. आयफोनवालं मात्र विकत, साधारण २५ डॉलर, एकदाच.

कार्डाच्या एका बाजूला अक्षर, मागे उत्तर. आठवलं तर तेच कार्ड काही दिवसांनी, मग महिन्याने येतं; नाही आठवलं तर लगेच पुन्हा हजर. म्हणजे आपण विसरायच्या बेतात असताना ते विचारतं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला होता, १८८५ साली छापला. तासाभरातच निम्म्याहून जास्त गळती! पुढे मात्र ती मंदावते, आणि महिन्यानेही तेच पुन्हा पाठ करायला सुमारे पाचवा हिस्सा कष्ट कमी पडतात. माझ्या वयाला हे ऐकून बरं वाटलं.

खरी मेख उत्तर उघडण्याआधीच्या पाच-दहा सेकंदांत आहे. डोक्याला ताण देऊन अक्षर आठवलं तरच ते बसतं. नुसतं उलटून पाहिलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे. म्हणून आयती कार्डं घेऊ नका. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-फोनवरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, मोडी २०१४ साली आली, तरी माझ्या फोनच्या कीबोर्डवर ती नाही. मी दस्तांचे फोटो काढून एकेक अक्षर कापलं. एकच ‘क’ तीन कारकुनांच्या हातचा, तीन कार्डांवर. या कापाकापीतच निम्मी अक्षरं पाठ झाली.

मूळ सेटिंग रोज २० नव्या कार्डांचं असतं, ते आधी ५ वर आणा. नाहीतर घरात लग्नकार्य निघालं, चार दिवस हात लागला नाही, की ढीग साचतो.

अक्षरं पक्की झाली म्हणून दस्त मात्र वाचता येत नाही. मोडीत लेखणी फारशी उचलत नाहीत, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ‘दिन’ की ‘दीन’ हे मागचं-पुढचं वाचूनच ठरवायचं, आणि ते कार्डावर मावत नाही. त्यासाठी वर्गातल्या सरांकडेच जावं लागतं.

माझ्याकडून पाचपैकी चार. परीक्षेच्या आदल्या रात्री डाउनलोड करणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.