वारशात आलेला रेकॉर्ड प्लेअर: दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा?

घरात कुणाचा तरी जुना प्लेअर आला की पहिला प्रश्न हाच पडतो, याच्या मागे लागायचं की सरळ नवीन आणायचा. माझ्याकडे काकांचा आला, एचएमव्हीचा, लाकडी पेटीतला, १६-३३-४५-७८ असे चार स्पीड (म्हणजे मिनिटाला तितके फेरे) असलेला आणि सोबत ट्रंकभर रेकॉर्ड्स. मी तीन पर्याय धरले होते. एक म्हणजे तोच दुरुस्त करून घेणं, दुसरा तो सूटकेससारखा बंद होणारा नवीन प्लेअर आणि तिसरा ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी६०एक्ससारखा बेल्टवाला टर्नटेबल, वेगळे स्पीकर लावून. माझं काय ठरलं ते सांगतोच, पण तुमचं वेगळं ठरू शकतं.

आधी ट्रंक उघडून रेकॉर्ड्स बघा. जड, कडक, हातातून पडली तर सरळ फुटणारी, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचं एकच गाणं असलेली रेकॉर्ड म्हणजे ७८ ची, लाखेची. आपल्याकडे या साठच्या दशकातही निघत होत्या त्यामुळे जुन्या मराठी घरात त्या असतातच. आपल्या नाशिकमध्येच जन्मलेले शास्त्रीय गायक द. वि. पलुस्कर बघा, जन्म १९२१ चा आणि १९५५ ला गेले, म्हणजे त्यांच्या हयातीतल्या रेकॉर्ड्स ७८ च्याच काळातल्या. तुमच्याकडे असं काही निघालं तर बेल्टवाला पर्याय तिथेच अडतो, कारण एलपी६०एक्स ३३ आणि ४५ वरच चालतो. ७८ वाजवणारे चांगले टर्नटेबल मिळतात, पण ते वरच्या किमतीचे आणि त्यांना ७८ साठी वेगळी सुई घ्यावी लागते. ट्रंकेत नुसत्या एलपी आणि ४५ च्या लहान रेकॉर्ड्स असतील तर मात्र बेल्टवाला नक्की बघा, मित्राकडे गंगापूर रोडला मी बराच ऐकलाय, आवाज स्वच्छ, सूर स्थिर, नाव ठेवायला जागा नाही. माझ्या ट्रंकेत ७८ जास्त, म्हणून तो गळला.

राहिले दोन. सूटकेसवाला प्लेअर भाचीकडे आहे, तिने हौसेने घेतलेला, मला हवा तितके दिवस वापरायला दिला. त्याचं चांगलं आधी सांगतो. डब्यातून काढला, पिन लावली की वाजतो, स्पीकर आतच, ब्लूटूथ आहे, ७८ चा स्पीडही आहे. सुई जरा जड बसते, पाच-सहा ग्रॅमच्या आसपास, पण जुने प्लेअरही काही हलके नव्हते, त्यामुळे त्यावरून मी त्याला बाद केलं नसतं. सुईला टोक मात्र एकच आणि तेही एलपीचं. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनचं टोक लागतं, एलपीचं १८ च्या आसपास. बारीक टोक रुंद खाचेच्या तळाशी घासत जातं आणि गाण्याच्या वर सतत सूं सूं येत राहतं. तेही एक वेळ चालवून घेतलं असतं.

मला जे सहन झालं नाही ते सुराचं. घरात बायको गाते, पेटी म्हणजे हार्मोनियम कायम उघडीच असते, म्हणून सहज एक भावगीताची ४५ लावून पेटीवर पट्टी शोधली तर ती ना काळी दोनमध्ये बसे ना तिच्या लगतच्या पांढरी तीनमध्ये, दोन्हीच्या मध्येच कुठेतरी. तीच रेकॉर्ड मित्राच्या बेल्टवाल्यावर नेऊन लावली तर काळी दोन, अगदी जागेवर. म्हणजे सूटकेसवाला जोरात फिरत होता. स्पीड सहा टक्के वाढला की एक अख्खी पट्टी चढते, इथे अर्धी चढली होती, म्हणजे तीन टक्के धरा. मोजणी म्हणाल तर ही एवढीच, मशीन लावून काही मोजलेलं नाही. पुष्कळ जणांना हा फरक जाणवणारही नाही आणि जाणवला तरी चालेल, पण आमच्या घरी ज्या रेकॉर्डसोबत गायचं तिच्याशी पेटी जुळत नसेल तर ती लावून उपयोग काय. यातल्या काही मोटरींना खालून बारीक स्क्रू असतो, भाचीच्या प्लेअरला होता, तो फिरवून आम्ही स्पीड खाली आणला आणि सूर बसला. तरी लांबलेला स्वर थरथरत राहिला. तबला चालू असताना कळत नाही, पण गायक षड्जावर थांबला, मागे नुसता तंबोरा आहे, आणि तो स्वर हलतोय. थाळी हलकी आणि मोटर छोटी, त्यामुळे असं होत असावं असं मला वाटतं. एकदा कानाला लागलं की पुढे दुसरं काही ऐकूच येत नाही.

आता खरं सांगायचं तर काकांचा प्लेअर पहिल्यांदा लावला तेव्हा याच्याहून वाईट हलत होता, वर प्रत्येक फेऱ्याला धप धप. एमजी रोडला एका दुकानात तर हे आता कुणी करत नाही म्हणून विषयच संपवला. भद्रकालीत जुने रेडिओ करणारे एक काका आहेत त्यांनी थाळी उचलली, आतलं रबरी चाक नखाने दाबून बघितलं आणि म्हणाले, "मोटर जिवंत आहे ना, मग बाकी सगळं होतं." मोटरची पायऱ्यापायऱ्यांची पुली आणि थाळीची आतली कड यांच्या मध्ये हे चाक असतं, तेच थाळी फिरवतं. प्लेअर वर्षानुवर्षं एखाद्या स्पीडवर तसाच ठेवला की चाक पुलीवर दाबलेलं राहतं, तिथे त्याला खड्डा पडतो आणि तोच खड्डा प्रत्येक फेऱ्याला धप करतो. सातपूर-अंबडला लेथवाले काय कमी आहेत, एकाने चाक मॅन्ड्रेलवर धरून पॉलिश पेपरने अगदी थोडं घासून गोल करून दिलं. मला धास्ती होती की चाक लहान झालं तर स्पीड बदलेल, पण तसं होत नाही, मधल्या चाकाच्या मापावर स्पीड नसतोच, तो पुली आणि थाळीच्या मापावर असतो. लावून बघितलं, तीच ४५, काळी दोन. आणि लांब स्वर थरथरत नाही, थाळी जड लोखंडी आहे, एकदा फिरली की फिरतेच.

बाकीची कामं थोडक्यात. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं, ते पूर्ण काढून शिलाई मशीनचं तेल मोटरच्या बुशला थेंबभर, रबराला अजिबात नाही. भुणभुण येत असेल तर फिल्टर कंडेन्सर बदलायचे. व्हॉल्यूम खरखरत असेल तर क्लीनर स्प्रेने बऱ्याचदा जातं. खूप वर्षांनी लावताना थेट प्लगात घालू नका, १०० वॉटचा सिरीज बल्ब, म्हणजे प्लेअरच्या वायरच्या वाटेतच जोडलेला, लावून बघा, आत काही शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि मशीन वाचतं.

अडचण आहे ती कार्ट्रिजची, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या भागाची, ते लपवत नाही. जुनी क्रिस्टलची असेल तर ओल लागून मेलेलीच निघते, आणि आपले पावसाळे तर माहितीच आहेत. सिरॅमिकची जास्त टिकते. आमची सिरॅमिकची निघाली, सुई तेवढी मुंबईहून चोरबाजारातून आणावी लागली, आर्मच्या पुढे छोटी पट्टी असते ती फिरवली की एका बाजूला ७८ चं टोक आणि दुसऱ्या बाजूला एलपीचं. पलुस्करांची ७८ लावून ती पट्टी फिरवली आणि ती सूं सूं जवळजवळ गेलीच, रेकॉर्डची स्वतःची खरखर राहते तेवढी. ७८ च्या सुराबद्दल मात्र, पेटीशी जुळलाच पाहिजे असा, फार आग्रह धरू नका, त्यातल्या जुन्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ वरच भरलेल्या असतात असं नाही. आणि त्या स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर आणि साबणाचा एखादा थेंब पुरतो, लेबल कोरडं ठेवायचं.

पैशाचं म्हणाल तर माझा सगळा खर्च भाचीच्या प्लेअरपेक्षा कमीच झाला, पण हेलपाटे झाले आणि मोटर जळालेली निघाली असती तर हिशोब पार वेगळा झाला असता. ज्याला रविवारी सकाळी नुसतं मागे काहीतरी वाजत राहायला हवंय आणि खटपटीला वेळ नाही त्याने सूटकेसवाला घ्यायला हरकत नाही, फक्त घेण्याआधी दुकानात तंबोऱ्यावरचा लांब आलाप लावून ऐका, ढोलकीचं गाणं लावू नका. ट्रंकेत ७८ असतील आणि मोटर फिरत असेल तर मी म्हणेन जुना एकदा उघडून दाखवाच. आणि ठरायला वेळ लागणार असेल तर तोवर स्पीडचा खटका ऑफवर आणून ठेवा, बहुतेक प्लेअरमध्ये त्याने रबरी चाक पुलीपासून सुटं होतं आणि नवा खड्डा पडत नाही.