दुधापाशी थांबावे की पुढे जावे? धावपळीतल्या किशोरवयीनांसाठी शाकाहार आणि व्हीगन आहार यांची तुलना

मांस, मासे आणि अंडी सोडलेल्या किंवा सोडण्याच्या विचारात असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे लवकरच दुसरा प्रश्न येतो : दूध, दही, चीज, लोणी ठेवून शाकाहारी राहायचे, की तेही सोडून पूर्ण व्हीगन व्हायचे? अशा वेळी घरातून पहिली विचारणा होते ती प्रथिनांची. माझ्या मते या दोन आहारांची तुलना करताना प्रथिनांचा मुद्दा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. खरा फरक दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व, आणि दुसरे म्हणजे आपण फारसा विचार न करता दुधातून मिळवत आलेले कॅल्शियम आणि आयोडीन. या दोन्ही गोष्टी पाककौशल्यापेक्षा सवयीवर अवलंबून आहेत. त्यामुळे सकाळी दप्तर भरता भरता न्याहारी उरकणाऱ्या मुलाला नेमक्या कोणत्या सवयी झेपतील, यावर निवड व्हायला हवी.

'व्हीगन' हा शब्दच मुळात दुधावरच्या मतभेदातून जन्मला. नोव्हेंबर १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी दूध न घेणाऱ्या शाकाहारींची वेगळी संस्था काढली आणि 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरे जोडून हे नाव तयार केले. म्हणजे आज स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या या वादाला ऐंशी वर्षे होऊन गेली आहेत.

प्रथिनांचा हिशेब आधी उरकून घेऊ. चौदा ते अठरा या वयात शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ५५ किलो वजनाच्या मुलाला साधारण ४७ ग्रॅम. शिजवलेल्या मसुराच्या एका मोठ्या वाटीत (सुमारे २०० ग्रॅम) १८ ग्रॅम, २५० मिलिलिटर सोया दुधात ८ ग्रॅम आणि दोन मोठे चमचे पीनट बटरमध्ये ७ ग्रॅम प्रथिने असतात. त्यात दिवसभराच्या धान्याची आणि मूठभर दाण्यांची भर पडली की गरज भागते. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळी-कडधान्ये पुरवतात. मात्र दोन्ही एकाच जेवणात असली पाहिजेत असे नाही, दिवसभरात मिळाली तरी पुरते. रोज खेळाचा सराव करणाऱ्यांना प्रथिने थोडी अधिक लागतात, पण तेही एक वाटी वाढवून साधते. या मुद्द्यावर दोन्ही आहार बरोबरीत सुटतात.

बी-१२ च्या बाबतीत मात्र बरोबरी नाही. या वयात रोज २.४ मायक्रोग्रॅम बी-१२ लागते आणि गायीच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यातून त्यातले साधारण निम्मे मिळते. त्यामुळे दूध-दही खरोखर रोज आणि पुरेसे घेणाऱ्या शाकाहारी मुलाला निदान या एका बाबतीत निश्चिंत राहता येते. 'खरोखर रोज' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत, कारण कॉफीत घातलेले चार चमचे दूध या हिशेबात धरता येत नाही. वनस्पतींमध्ये मात्र भरवशाचे बी-१२ नसतेच. स्पिरुलिनामध्ये ते असल्याचा बोलबाला असतो, पण त्यात मुख्यतः असते ते बी-१२ सारखे दिसणारे आणि शरीराला न चालणारे संयुग. व्हीगन मुलाला म्हणून तीन मार्ग उरतात : रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी, आठवड्याला २००० मायक्रोग्रॅमची गोळी, किंवा बी-१२ घातलेले म्हणजेच फोर्टिफाइड पदार्थ दिवसातून दोन-तीन वेळा खाऊन मिळणारे किमान ३ मायक्रोग्रॅम.

हे आकडे परस्परांशी विसंगत वाटतात, पण त्यामागे कारण आहे. आतड्यातली बी-१२ शोषणारी यंत्रणा एका वेळी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास घेऊन थांबते; त्यापलीकडच्या मात्रेतला सुमारे एक टक्काच शरीरात जातो. म्हणून थोडे थोडे अनेकदा घेतले तर कमी पुरते आणि एकदम घेतले तर पुष्कळ घ्यावे लागते. या तिन्हींत माझा कल रोजच्या गोळीकडे आहे. आठवड्याची गोळी परीक्षेच्या आठवड्यात हमखास विसरली जाते, आणि फोर्टिफाइड पदार्थांवर विसंबायचे तर प्रत्येक वेष्टनाची मागची बाजू वाचावी लागते. गोळ्यांची डबी दात घासण्याच्या ब्रशशेजारी ठेवली की काम होते. हे अतिसावधपणाचे वाटेल, पण वनस्पतिजन्य आहारात फोलेट (ब गटातलेच दुसरे एक जीवनसत्त्व) भरपूर असल्यामुळे बी-१२ च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि हातापायांना मुंग्या येईपर्यंत मज्जातंतूंची हानी लक्षात येत नाही. रोज गोळी घेणे जमणारच नाही असे ज्याला प्रामाणिकपणे वाटते, त्याने दुधापाशी थांबावे.

दुधाच्या जागी काय?

किशोरवयात कॅल्शियमची गरज आयुष्यातली सर्वांत मोठी असते : रोज १३०० मिलिग्रॅम. गायीच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामुळे दिवसाला तीन पेले दूध पिणाऱ्याची अर्ध्याहून अधिक गरज तिथेच भागते. वनस्पतिजन्य दुधांमध्ये निसर्गतः फारसे कॅल्शियम नसते. ते वेगळे घालावे लागते. घातलेले असेल तर प्रमाण बहुधा तेच १२० असते, घातलेले नसेल तर जवळजवळ काहीच नाही. 'सेंद्रिय' या शब्दाला भुलू नये, कारण युरोपीय संघाच्या नियमांनुसार, उदाहरणार्थ, सेंद्रिय वनस्पतिजन्य दुधात कॅल्शियम मिसळताच येत नाही. घरी गाळलेले बदामाचे किंवा ओट्सचे दूध चवीला छान लागते, पण कॅल्शियमच्या खात्यात ते पाण्यासारखेच आहे.

एक साधी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. फोर्टिफाइड सोया दुधाचा खोका दोन दिवस न हलवता वापरावा आणि संपल्यावर कापून उघडावा. तळाशी पांढरा, खडूच्या भुकटीसारखा थर चिकटलेला दिसतो. तो बहुधा वेष्टनावर अभिमानाने छापलेल्या कॅल्शियमचाच असतो, आणि आपण वर तरंगणारे दूध पिऊन तो कचऱ्यात टाकत असतो. ओतण्यापूर्वी खोका जोरात हलवायला पाच सेकंद लागतात.

प्रथिनांच्या दृष्टीने ही दुधे एका पंक्तीत बसत नाहीत. १०० मिलिलिटर सोया दुधात गायीच्या दुधाइतकी, म्हणजे तीन ग्रॅमच्या पुढे प्रथिने असतात आणि वाटाण्याचे दूध त्याच्या जवळपास जाते. ओट्सच्या दुधात ती जेमतेम एक ग्रॅमपर्यंत, बदामाच्या दुधात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, तर तांदळाच्या आणि नारळाच्या दुधात नाममात्र असतात. कॉफीला ओट्सचे दूध उत्तम, हे मान्य. पण वाढत्या वयात 'दुधाऐवजी' म्हणून घ्यायचे असेल तर माझी शिफारस फोर्टिफाइड आणि बिनसाखरेच्या सोया दुधाची आहे. सोयाची ॲलर्जी असेल तर वाटाण्याचे घ्यावे.

उरलेले कॅल्शियम ताटातून मिळवायचे असते आणि तिथे नावापेक्षा शोषण महत्त्वाचे ठरते. पालकात कॅल्शियम दिसते खूप, पण कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेट या संयुगामुळे त्यातले पाच टक्केच अंगी लागते. दुधातले सुमारे तीस टक्के लागते, तर केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) आणि ब्रोकोलीतले त्याहूनही अधिक. कॅल्शियमचा क्षार वापरून घट्ट केलेला टोफू या बाबतीत दुधाच्या तोडीचा असतो. टोफू नेमका कसा घट्ट केला आहे, हे घटकांच्या यादीत लिहिलेले असते.

आयोडीनचा विसर शाकाहारींपेक्षा व्हीगन मंडळींना अधिक महागात पडतो, कारण अनेक देशांत ते मुख्यतः दुधातून मिळते. रोज १५० मायक्रोग्रॅम हवे. आयोडीनयुक्त मीठ वापरले की प्रश्न सुटतो, मात्र गुलाबी किंवा समुद्री मिठाने तो सुटत नाही. ओमेगा-३ साठी एक मोठा चमचा जवसाची पूड किंवा मूठभर अक्रोड दोन्ही गटांना सारखेच लागू आहेत.

लोहाच्या बाबतीत दूध ठेवणाऱ्यांनी आपण सुरक्षित आहोत असे मानू नये. दुधात लोह जवळजवळ नसते आणि जेवणासोबत घेतलेले कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळाच आणते. मांसाच्या जागी चीज ठेवणाऱ्या शाकाहारी मुलीची लोहाची बाजू, मांसाच्या जागी कडधान्ये ठेवणाऱ्या व्हीगन मुलीपेक्षा पडती असू शकते. या वयातल्या मुलींना रोज १५ आणि मुलांना ११ मिलिग्रॅम लोह लागते, आणि वनस्पतींतले लोह कमी शोषले जात असल्यामुळे शाकाहारी व व्हीगन या दोघांनाही त्याहून अधिक खावे लागते. कडधान्यांवर लिंबू पिळणे, सोबत संत्रे किंवा ढोबळी मिरची खाणे आणि चहा-कॉफी जेवणानंतर तासभर लांबवणे एवढ्याने मोठा फरक पडतो.

वेळ कुठे जातो

व्हीगन आहाराला स्वयंपाकाचा वेळ जास्त लागतो, हा समज फारसा खरा नाही. वेळ जातो तो विचारात. दूध घेणारा विद्यार्थी घाईत चीजचे सँडविच उचलतो आणि निघतो. व्हीगन विद्यार्थ्याला ब्रेडच्या यादीत दुधाची भुकटी, बिस्किटांत व्हे (चीज करताना दुधातून सुटणारे पाणी), गोळ्या-चॉकलेटांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेले जिलेटिन किंवा कोचिनियल किड्यांपासून काढलेला ई-१२० हा लाल रंग नाही ना, हे पाहावे लागते. पहिले दोन महिने हे कंटाळवाणे होते. नंतर आपल्याला चालणाऱ्या दहा-बारा वस्तू पाठ होतात आणि वाचन थांबते. (जिलेटिन आणि ई-१२० शाकाहारींनाही चालायला नकोत, आणि कित्येक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट हे दूध गोठवणारे द्रव्य असते, शाकाहारींनीही यादी वाचायला हरकत नाही.)

सुटीच्या दिवशी अर्धा किलो हरभरे भिजवून शिजवले आणि निम्मे फ्रीजरमध्ये टाकले, की आठवड्याच्या तीन-चार जेवणांचा कणा तयार होतो. दप्तरात मात्र न नासणारा खाऊ कायम हवा : भाजलेले दाणे, सुकामेवा, पीनट बटर लावलेला ब्रेड. शिकवणी संपल्यावर भुकेल्या पोटी समोर दिसेल ते घेण्याची वेळ येते, आणि तिथे व्हीगन पदार्थ म्हणून बहुधा फक्त तळलेले बटाटे उरतात. तयार व्हीगन सॉसेज-बर्गर अडीअडचणीला ठीक आहेत, फक्त त्यांत मीठ बरेच असते. खोबरेल तेल आणि स्टार्चच्या व्हीगन चीजमध्ये प्रथिने जवळजवळ नसतात. ते चवीसाठी खावे, पोषणासाठी नव्हे.

व्हीगन जेवणाने पोट लवकर भरते, कारण तंतू भरपूर असतात. वाढत्या आणि खेळणाऱ्या मुलांना यामुळे ऊर्जा कमी पडू शकते, म्हणून दाणे, बिया आणि तेल यांच्याशी काटकसर करू नये. व्हीगन होण्यामागचा खरा हेतू वजन उतरवणे किंवा नजरेत न येता खाणे टाळणे हा असेल, तर हा निर्णय तूर्त घेऊच नये आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाशी बोलावे. हे मी पोषणाच्या कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचे मानतो.

तज्ज्ञांमध्येही या वयाबद्दल एकवाक्यता नाही. अमेरिकेतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये नीट आखलेला व्हीगन आहार किशोरवयासह सर्व टप्प्यांना योग्य म्हटला; त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने मुलांसाठी आणि किशोरांसाठी त्याची शिफारस नाकारली आणि २०२४ मध्ये ती भूमिका सौम्य करून 'बाजूनेही नाही, विरोधातही नाही' अशी केली. पर्यावरणाचा कौल मात्र स्पष्ट आहे. जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार एक लिटर गायीच्या दुधामागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते, तर सोया आणि ओट्सच्या दुधामागे साधारण एक किलो.

ताटाबाहेरच्या व्हीगन जगण्याला घाई नको. घरात असलेले चामड्याचे बूट फेकून प्लास्टिकचे नवे घेण्याने कुणाचे भले होत नाही. ते झिजेपर्यंत वापरावेत आणि पुढची खरेदी वेगळी करावी. प्रसाधनांवर 'प्राण्यांवर चाचणी नाही' असे लिहिलेले असले तरी आत मधमाश्यांचे मेण किंवा लॅनोलिन असू शकते. ड जीवनसत्त्वाची डी-३ गोळीही बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनते. दगडफुलापासून केलेली डी-३ किंवा डी-२ व्हीगन असते.

स्वतःच्या ताटावर स्वतःचे नियंत्रण असलेल्या, गोळी घेण्यात नियमित आणि घरच्यांची साथ असलेल्या मुलाने थेट व्हीगन व्हायला हरकत नाही. वसतिगृहात किंवा ठरावीक खानावळीत जेवणाऱ्याने आधी दूध ठेवून कडधान्ये वाढवावीत, मग पेल्यातले दूध बदलावे आणि चीज शेवटी सोडावे, कारण बहुतेकांचे पाऊल तिथेच अडखळते. मार्ग कोणताही निवडला तरी सुरुवातीलाच बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा निर्देशक) यांसाठी रक्त तपासून घ्यावे. दूध नावापुरते घेणाऱ्या शाकाहारी मुलांमध्ये बी-१२ आधीच कमी असू शकते. तसे निघाले तर रोजच्या १० मायक्रोग्रॅमने ते भरून निघत नाही आणि मात्रा डॉक्टरांनाच ठरवावी लागते.