मेजर गेले, पुढं काय? कोल्हापुरातल्या सेवांचं परीक्षण

सैनिक टाकळी, सैनिक गिरगाव अशी नावं मिरवणारी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथं माजी सैनिक गेला तर काय करायचं हे घरोघरी ठाऊक असेल असं वाटतं. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस सगळा अंदाजपंचे कारभार चालतो. कुटुंबाची गाठ मुख्यतः तीन ठिकाणी पडते: स्मशानभूमी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल. पहिली सेवा उत्तम, दुसरी कागद जवळ असतील तर चांगली, तिसरी चिकाटी बघणारी.

पंचगंगा स्मशानभूमीबद्दल फार लिहायला नको. महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते. होळी लहान करून चितांसाठी शेणी दान करणारं हे शहर आहे, त्यामुळे इथं सैनिक आणि बिगरसैनिक असा फरक पडत नाही, पडायचं कारणही नाही.

खरा घोळ मानवंदनेचा. सेवेत असताना जवान गेला तर लष्कराची तुकडी येते, शोक शस्त्र म्हणजे शस्त्रं उलटी धरून मानवंदना होते, हवेत फैरी झडतात, बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजते. निवृत्तीनंतर घरी नैसर्गिक मृत्यू आला तर हे सगळं आपोआप होत नाही. सैनिक कल्याण कार्यालयाला वेळेत कळवलं तर पुष्पचक्र वाहायला प्रतिनिधी येऊ शकतो, गावची माजी सैनिक संघटनाही सलामी देते. शौर्यपदक असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. सोबत आर्मी नंबर, हुद्दा, पलटण आणि अंत्ययात्रेची वेळ. हुद्दा डिस्चार्ज बुकात, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या नोंदपुस्तकात, बघूनच सांगा. आपल्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण गावाचा 'मेजर' असतो, बुकात मात्र नाईक किंवा हवालदार निघतो आणि पुढचे सगळे अर्ज त्या बुकावर चालतात.

तिरंग्याचं तर नीटच समजून घ्या. दुकानातून ध्वज आणून पार्थिवावर घालणं प्रेमापोटी होतं, पण कायद्यात बसत नाही. शासकीय, लष्करी आणि निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीतच ध्वज पांघरता येतो. एरवी तो राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाबद्दलच्या 1971 च्या कायद्याखाली गुन्हा ठरतो आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंतची आहे. इतमाम मिळाला असेल तर केशरी पट्टा डोक्याकडं हवा, आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घ्यायचा. चितेत किंवा खड्ड्यात तो जाता कामा नये.

रक्षाविसर्जन झालं की मृत्यूची नोंद. ती 21 दिवसांत करायची, आणि मृत्यू जिथं झाला तिथं. माणूस कागल तालुक्यातला, पण कोल्हापुरातल्या दवाखान्यात गेला, तर दाखला महापालिकेचा. ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. पाच-सहा प्रती घ्या आणि नावाचं स्पेलिंग पीपीओशी, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाशी, अक्षर न् अक्षर जुळवून मगच तिथून हला.

बँकेच्या बाबतीत एक चूक हमखास होते. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतच देय असते, दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होतं. मृत्यू कळवायला उशीर झाला आणि दरम्यान जमा झालेले पैसे मुलानं एटीएमनं काढले, तर ते नंतर वसूल होतात. वसुलीचं पत्र बहुतेक वेळा विधवेच्याच नावानं येतं.

'स्पर्श'वर मृत्यू कळवून दाखला, आधार, पॅन आणि पासबुक चढवायचं. पत्नीचं नाव पीपीओवर असेल आणि सगळीकडं सारखं असेल तर काम सरळ आहे. अडतं ते नावातच. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत. डिस्चार्ज बुकात माहेरचं 'आक्काताई', आधारवर सासरचं 'लक्ष्मीबाई', जन्मतारीख दोन्हीकडं निराळी. पोर्टलच्या लेखी या दोन बायका! मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं आणि सैनिकाच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्ती करून घ्यायची. मराठा लाईट इन्फंट्रीचं ते बेळगावला, म्हणजे चंदगडकरांना जवळच. माणूस नंतर डीएससीत, म्हणजे संरक्षण सुरक्षा दलात, गेला असेल तर तिकडचं कन्नूरला, केरळात. डीएससीची दुसरी पेन्शन असेल तर पीपीओ दोन असतात. 2012 पासून दोन्ही कुटुंब निवृत्तिवेतनं घेता येतात, तरी अनेक घरांत एकच चालू असतं, कारण दुसरं कुणी मागितलेलंच नसतं.

रकमेचं गणित आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर धक्का बसत नाही. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के, किमान 9,000 रुपये, वर महागाई सवलत. निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास वाढीव दर 50 टक्के, तो 7 वर्षं किंवा मृत व्यक्तीची 67 वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर. म्हणजे 65 व्या वर्षी गेलेल्याच्या पत्नीला वाढीव रक्कम जेमतेम दोन वर्षं, आणि सत्तरीत गेलेल्याच्या पत्नीला पहिल्या महिन्यापासून 30 टक्केच. यात कुणी फसवलेलं नसतं.

ट्रंकेत सैन्य गट विम्याचं वाढीव विमा प्रमाणपत्रही शोधा. निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापलेला असतो, पण घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. मुदत प्रमाणपत्रावर छापलेली असते. ती संपायच्या आत मृत्यू झाला असेल तरच दावा बसतो.

जिल्हा कार्यालयात जाताना मूळ डिस्चार्ज बुक घेऊन जा, नुसत्या झेरॉक्सवर काम होत नाही. विधवा ओळखपत्र आधी करून घ्या, पुढच्या बहुतेक अर्जांना तेच लागतं. अंत्यविधीची मदत आणि मुलांच्या शिक्षणाचं अनुदान यांची चौकशी त्याच खेपेत करा. यातल्या काही योजना हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठीच आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएस कार्डाचा बदल मात्र वेगळा, तो या कार्यालयात होत नाही. घरपट्टी माफी हवी असेल तर आधी घर पत्नीच्या नावावर चढवा.