चूकही ठेवली, दुरुस्तीही ठेवली : जुन्या 'स्टार ट्रेक'चा ब्ल्यू-रे संच, आठ महिन्यांनंतर

'स्टार ट्रेक' ही अमेरिकन अंतराळमालिका मी लहानपणी पाहिली ती दूरदर्शनवर, ऐंशीच्या दशकात, रविवारी सकाळी, आई आंघोळीला हाका मारत असताना. आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. त्यामुळे मालिकेतल्या एंटरप्राइज या अंतराळजहाजावरचे सगळे करडे कपडे घालून फिरतात अशीच माझी बरीच वर्षं समजूत होती. गेल्या वर्षी तिन्ही सीझनचा एकत्र ब्ल्यू-रे संच घेतला आणि नववीतल्या मुलीला बरोबर घेऊन पहिल्यापासून सुरुवात केली. २९, २६ आणि २४ मिळून ७९ भाग. आठवड्याला दोन-तीन करत आठ महिने लागले. शेजारी दोनशे पानी वही. तिच्यात कथा लिहायची नाही, फक्त विसंगती टिपायच्या, असं ठरलं होतं. वही संपली.

संच घेण्यासारखा आहे तो एका बटणासाठी. २००६ ते २००८ या काळात या मालिकेचे अंतराळातले देखावे संगणकावर नव्याने केले गेले. एरवी असं झालं की जुनं रूप गायब होतं आणि नवं तेच खरं म्हणून आपल्या गळ्यात पडतं. इथे दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. भाग चालू असताना रिमोटवरचं 'अँगल' दाबलं की १९६६चं मॉडेलचं जहाज, पुन्हा दाबलं की नवं. माझ्या रिमोटवर हे बटण नखाएवढं आहे आणि आठ महिन्यांत त्यावरची अक्षरं पुसली गेली.

'अरीना' या भागात जहाजाचा कप्तान कर्क गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याशी झुंजतो. मुळात तो रबरी मुखवटा घातलेला माणूस, डोळे काचेचे, ढिम्म. नव्या रूपात त्याला पापण्या दिल्यात. अँगल दाबला, गॉर्नने डोळे मिचकावले. परत दाबला, पुन्हा ढिम्म. मुलीने हे किती वेळा केलं असेल ते विचारू नका.

पण एवढी पापणी हलवणाऱ्यांनी थडग्याला हात लावलेला नाही, याचं मला भारी कौतुक वाटलं. 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर' या भागात दैवी शक्ती आलेला गॅरी मिचेल कर्कसाठी कबर खणतो आणि दगडावर नाव कोरतो. पॉज करून पाहा : 'जेम्स आर. कर्क'. जन्मभराचा दोस्त आणि मधलं अक्षर चुकीचं! पुढे सगळीकडे तो जेम्स टी. त्या 'टी'चा अर्थ टायबेरियस, हे १९७४मध्ये कार्टून मालिकेत पहिल्यांदा ऐकू आलं आणि चित्रपटात यायला १९९१ उजाडलं. वहीतली पहिली नोंद हीच. याच भागात कर्कचा अर्धा परग्रही सहकारी स्पॉक म्हणतो की त्याच्या कुणा पूर्वजाने मानवी स्त्रीशी लग्न केलं होतं. पूर्वज म्हणजे कोण, तर सख्खे वडील! १९६७च्या 'जर्नी टू बाबेल'मध्ये आईवडील दोघंही जहाजावर येतात. त्यानंतर त्या घरात १९८९मध्ये एक सावत्र भाऊ निघाला, २०१७मध्ये एक मानलेली बहीण. एवढं एकत्र कुटुंब आणि स्पॉकच्या तोंडून अवाक्षर नाही. आमच्याकडे अशी माणसं लग्नाच्या पंगतीत सापडतात.

आता तक्रार. डिस्कवरचा क्रम प्रक्षेपणाचा आहे, चित्रीकरणाचा नाही. ८ सप्टेंबर १९६६ला 'द मॅन ट्रॅप' दाखवला म्हणून तो पहिला. वर सांगितलेला कबरीचा भाग त्याच्या आधी चित्रित झालेला, पण दाखवला तिसरा. त्यामुळे गणवेश (त्यांचा रंग खात्याप्रमाणे असतो) आणि माणसं मध्येच बदलतात. संदेशवहन सांभाळणारी उहुरा आधी लाल पोशाखात दिसते, मग 'मड्स विमेन'मध्ये पिवळ्या, मग लाल, 'कॉर्बोमाइट मनूव्हर'मध्ये परत पिवळ्या, आणि मग कायमची लाल. "बाबा, हिने खातं बदललं का?" मुलीने विचारलं. हा रंगांचा घोळ मला पन्नाशीत पहिल्यांदा कळला, कारण आमच्या टीव्हीवर उहुराही करडीच होती. आणि सगळ्यात आधी बनलेला, चॅनेलने नाकारलेला 'द केज' कुठे आहे? तिसऱ्या सीझनच्या डब्यात, शेवटी. माझा सल्ला असा की पहिल्यांदा पाहणाऱ्याने तो सुरुवातीला पाहावा. आम्ही पाहिला नाही, त्याचं शेवटी सांगतो.

जनुकांत फेरफार करून घडवलेला हुकूमशहा खान नूनियन सिंग येतो त्या 'स्पेस सीड'ला वहीत चार पानं गेली. जहाजावरची इतिहासकार बाई त्याच्याकडे पाहून अंदाज बांधते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. भूमिका केलीय मेक्सिकोच्या रिकार्डो माँटलबान यांनी. शीख आहे तर पगडी कुठाय, हा आमच्याकडचा पहिला प्रश्न. ती त्याच बाईच्या हातच्या चित्रात आहे, तिथे खान पगडी घालून बसलाय. याच भागात १९९०च्या दशकात पृथ्वीवर सुप्रजननाची महायुद्धं झाल्याचं सांगितलंय, १९९२ ते १९९६. त्या काळात मी कॉलेजात होतो. एटीकेटी आठवते, महायुद्ध आठवत नाही. निर्मात्यांनाही हा अवघडलेपणा जाणवला असावा. २०२३मध्ये 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या नव्या स्टार ट्रेक मालिकेच्या एका भागात कालप्रवाशांच्या लुडबुडीने घटना पुढे सरकल्या असं सांगून खानला लहान मुलगा करून एकविसाव्या शतकातल्या टोरंटोत आणून ठेवला. सारवासारव, पण निदान नीट केलेली.

जहाजावरचा रशियन तरुण अधिकारी चेकॉव्ह, त्याचं मात्र कुणीच सारवलं नाही. 'स्पेस सीड' दाखवला फेब्रुवारी १९६७मध्ये, चेकॉव्ह मालिकेत आला त्याच वर्षी सप्टेंबरात. तरी १९८२च्या चित्रपटात खान त्याला बघताक्षणी ओळखतो! (चित्रपटांचा विषय निघालाच आहे तर, १९७९च्या पहिल्या चित्रपटातली मुंडण केलेली इलिया म्हणजे आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ची मिस इंडिया. हे चित्रपट या संचात नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात.)

आता क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतली लढाऊ परग्रही जमात. जुन्या मालिकेत ते साध्या कपाळाचे, मिशांचे. १९७९पासून कपाळावर हाडांच्या वळ्या. कारण उघड आहे : पैसे आले, रंगभूषा सुधारली. पण कथेत काय सांगायचं? दुसऱ्या सीझनमध्ये 'द ट्रबल विथ ट्रिबल्स'च्या जोडीला १९९६चा 'ट्रायल्स अँड ट्रिबल-एशन्स' दिलाय. त्यात 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या स्टार ट्रेक मालिकेची मंडळी काळात मागे जातात आणि १९६७च्या चित्रीकरणात संगणकाने बेमालूम मिसळतात. समोर साध्या कपाळाचे क्लिंगॉन बसलेले, इकडे या मंडळींतला वळ्यांचा क्लिंगॉन वॉर्फ. सगळे त्याच्याकडे बघतात. जनुकांत फेरफार? विषाणू? वॉर्फ एवढंच म्हणतो की आम्ही बाहेरच्यांशी त्याबद्दल बोलत नाही. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. २००५मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेने दोन भाग खर्चून याचं उत्तर दिलं : जनुकांत फेरफार आणि विषाणू, दोन्ही. तर्क बिनचूक आहे, पण वॉर्फच्या त्या वाक्यातली मजा घालवून टाकली. घरात एखादा विषय काढायचा नाही असं ठरलेलं असतं, तेव्हा तो काढायचा नाही.

बाकी किरकोळ. इंग्रजी सबटायटल आहेत, हिंदी-मराठी नाहीत. माझ्या संचातली एक डिस्क दुसऱ्या सीझनमध्ये अडखळत होती. विक्रेत्याने बदलून दिली, पण पाच आठवडे आणि अकरा फोननंतर. तुमचा संच आला की सगळ्या डिस्क त्याच आठवड्यात लावून बघा, शेवटची उघडेपर्यंत परतीची मुदत टळलेली असते. तिसरा सीझन कथेच्या दृष्टीने अशक्त आहे. त्याबद्दल वहीत कमी आहे, कारण आम्हीच पेंगत होतो.

पुढे 'नेक्स्ट जनरेशन' ही नंतरची स्टार ट्रेक मालिका घेणाऱ्यांना एक इशारा. १७८ भाग मूळ फिल्मवरून नव्याने जोडलेत, चित्र अप्रतिम आहे, पण तिथे बटण नाही. फक्त नवं रूप. पहिल्या भागात डेटा नावाचा यंत्रमानव सांगतो की तो अकादमीच्या ७८च्या तुकडीचा, आणि त्याच सीझनच्या अखेरीस तोच सांगतो की सध्या २३६४ साल चालू आहे. हे वहीच्या दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलंय. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' तर ब्ल्यू-रेवर आलेलेच नाहीत. त्यांचं संकलन आणि देखावे व्हिडिओटेपवर पूर्ण केलेले, ते पुन्हा उभं करायचं तर खर्च फार. म्हणजे वॉर्फचं ते वाक्य धूसर चित्रातच ऐकावं लागतं.

'द केज' आम्ही सर्वांत शेवटी पाहिला, एका शनिवारी रात्री. आठ महिने मुलीने स्पॉकला भावना दाबताना पाहिलेलं. इथे तो टॅलोस चारवर उतरतो, एका झाडाची निळी पानं थरथरत गाताहेत, तो एक पान हातात धरतो आणि चक्क खुलून हसतो. तिने पॉज केलं. मग माझ्या हातून रिमोट घेतला आणि अँगल दाबला. तो हसतच होता.