रेतीच्या बेटावर मुक्काम: फोर-व्हील-ड्राइव्ह जीप की ट्रॅक्टर?

भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या खाली वैनगंगा नदीत उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या रेतीच्या बेटावर मित्रासोबत मुक्काम करायचा असेल, तर जीप अधिक आरामदायी ठरते. मात्र टायरमधील हवा साधारण 18-20 पीएसआयपर्यंत उतरवून चाकाचा रेतीला टेकणारा भाग वाढवला नाही, तर ती कोरड्या रेतीत रुतते, आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरण्यासाठी पंप जवळ बाळगावा लागतो. ट्रॅक्टर मोठ्या मागच्या चाकांमुळे निभावून नेतो, ट्रॉलीत तंबू, सरपण आणि पाणी सहज मावते. पण नदीपात्रात ट्रॉली दिसली की रेतीचोरीचा संशय आलाच. दोघांसाठी मी जीपच निवडेन. नदीच्या वरच्या बाजूला असलेल्या गोसेखुर्द धरणातून पाणी सोडले जाणार आहे का, याची चौकशी मात्र दोन्ही पर्यायांत आधी करावी.