फायनल, फायनल २, नक्की फायनल... सुटले एकदाची

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात पावसाळ्याच्या तोंडावर फतवा निघाला की यापुढे मेलला फाईल जोडायची नाही, व्हिवा एंगेजवर पोस्ट टाकायची. मायक्रोसॉफ्टचं ते जुनं यॅमर, म्हणजे ऑफिसातल्या ऑफिसात पोस्ट टाकायचं ॲप, त्याचंच हे नवं नाव. दिसतं थेट फेसबुकसारखं, म्हणून म्हटलं आता इथेही गुड मॉर्निंगची फुलं येणार, आणि आलीच दोन दिवस, मग एचआरने दटावलं.

चार महिने वापरून सांगते, कामाचं आहे. आमचं काम इंटिरियरचं, एकेक बीओक्यू, म्हणजे कुठलं सामान किती लागणार त्याची यादी, दहा हातांतून फिरतं. मेलवर काय व्हायचं, मी पाठवलेली एक्सेल साईटवाला त्याच्याकडे दुरुस्त करणार, अकाउंट्सच्या मॅडम त्यांच्याकडे, मग फायनल, फायनल २, नक्की फायनल आणि व्हेंडरला जायची ती भलतीच. ड्रॉइंगचं तर विचारूच नका, मेलमधून जाताना फाईल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे २० एमबीची पीडीएफ २५ च्या लिमिटला आपटून परत. आता पोस्टला जोडली की फाईल त्या ग्रुपच्या शेअरपॉइंटमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच ऑनलाइन कपाटात, जाऊन बसते, एकच कॉपी, सगळे त्यातच खरडतात, कोणी घोळ घातला तर जुनं व्हर्जन परत काढता येतं. आणि भांडण पण तिथेच खाली! "लाद्यांची क्वांटिटी कोणी वाढवली?" विचारलं की अर्ध्या तासात कोणीतरी कबूल होतं. नवा मुलगा जॉईन झाला त्याने मागचं सगळं स्वतःच वाचून काढलं, नाहीतर त्याला जुने मेल फॉरवर्ड करत कोण बसणार होतं.

आता वाईट. पोस्ट कुठे टाकतोय ते बघूनच टाका. मी डोंबिवली फास्टला, लेडीज डब्यात एका हाताने कडी धरून, व्हेंडरच्या रेटची शीट आमच्या प्रायव्हेट ग्रुपऐवजी ऑल कंपनीवर, म्हणजे सगळ्या ऑफिसला दिसेल अशा ग्रुपवर, टाकली. ठाणं यायच्या आत सरांचा फोन, "अगं ते आधी काढ!" पोस्ट उडवली, मग घाटकोपरला मेट्रोच्या लाइनीत उभी राहून शेअरपॉइंटमधून फाईलही उडवली. चूक माझीच, पण मेलमध्ये निदान नावं टाइप करताना माणूस एकदा थांबतो.

जुनी फाईल शोधायला फीड खाली ओढत बसू नका, वेडे व्हाल, सरळ फाईल्सच्या टॅबवर जा. पोस्टमध्ये प्रोजेक्टचं नाव लिहायची सवय लावा, नुसतं "पीएफए" (प्लीज फाइंड अटॅच्ड) लिहिणाऱ्यांना तर फाइन मारायला हवा. बाहेरच्या व्हेंडरला मात्र अजून मेलच करतो, त्यांना कुठे आत घ्यायचं.

पाचपैकी चार दिले असते, पण आमच्या सरांमुळे साडेतीन. परवा त्यांना लिंक दिली तर त्यांनी प्रिंट काढली, लाल पेनाने करेक्शन केली आणि त्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला, तोही आडवा.